‘आधी-नंतर बार्थेल’ पुरेसे का नाही: लहान व्यवसायोपचार विभागात करता येण्याजोगे संशोधन

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तालुक्याच्या गावी एका धर्मादाय रुग्णालयात तुम्ही दोघे व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी उपचार करणारे) आहात. पक्षाघाताचे रुग्ण रोज येतात आणि मुलांची ओपीडी आठवड्यातून दोनदा असते. विभाग वाढवायचा असेल तर त्याचा उपयोग होतो हे आकड्यांत दाखवा, असे विश्वस्तांनी सांगितले आहे. रुग्ण कमी असल्यामुळे यादृच्छिक नियंत्रित चाचणी (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून केलेली तुलना) शक्य नाही, म्हणून येत्या वर्षातील पक्षाघाताच्या सर्व रुग्णांचा बार्थेल इंडेक्स (रोजची कामे स्वतःची स्वतः किती जमतात याची गुणपट्टी) उपचारापूर्वी आणि उपचारानंतर भरावा, टी-टेस्ट (दोन सरासरींतील फरक तपासणारी संख्याशास्त्रीय कसोटी) लावावी आणि निबंध लिहावा, असा तुमचा विचार आहे. आणि एवढे चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

आकडे जमतील, टी-टेस्टही लागेल आणि ‘पी’ची किंमत बहुधा ०.०५ च्या खाली येईल, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटणार नाही. परंतु त्यातून विश्वस्तांना काही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. अडचण रुग्णसंख्येची नाही. हेच पाचशे रुग्णांवर केले तरी ती तशीच राहील, कारण पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आलेला बहुतेक रुग्ण काही ना काही सुधारतोच. कोपनहेगन स्ट्रोक स्टडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे १,२०० रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ९५ टक्के रुग्णांची दैनंदिन कामांतील सुधारणा साडेबारा आठवड्यांच्या आत तिच्या कमाल पातळीला पोचलेली आढळली. त्या रुग्णांना पुनर्वसनही मिळत होते, त्यामुळे ही सगळी सुधारणा आपोआप झाली असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र काळ स्वतःच एवढे मोठे काम करत असताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोनच नोंदींवरून त्यातला उपचाराचा वाटा वेगळा काढता येत नाही, एवढे नक्की म्हणता येते. त्यात रुग्ण आपल्याकडे येतो तोच मुळी अवस्था सर्वांत वाईट असताना, आणि ‘नंतर’ची नोंद होते ती फक्त शेवटपर्यंत टिकलेल्यांची. जे मध्येच यायचे थांबले ते कोष्टकातून नाहीसे होतात.

माझ्या मते तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. अमुक उपचार गुणकारी आहे का, हा एक. तो उपचार आपल्या विभागातून, आपल्याकडे येणाऱ्या माणसांपर्यंत, पुरेशा प्रमाणात पोचतो का, हा दुसरा. विश्वस्त दुसरा प्रश्न विचारत आहेत आणि तुम्ही पहिल्याची तयारी करत आहात. पहिल्या प्रश्नावर जगभर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत तुमच्या रुग्णालयातील तीस-चाळीस रुग्णांनी फारशी भर पडणार नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्याशिवाय कोणीही देऊ शकणार नाही, कारण ती माहिती फक्त तुमच्या केसपेपरांत आणि तुमच्या रुग्णांच्या घरी आहे.

पुढे जे लिहीत आहे त्यातील बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: रुग्ण पक्षाघातानंतर किती दिवसांनी तुमच्याकडे येतात, भेटींमध्ये किती अंतर असते, जवळपासच्या एखाद्या महाविद्यालयाची एथिक्स कमिटी (संशोधनाला नैतिक परवानगी देणारी समिती) तुम्हाला उपलब्ध आहे का, आणि दोघांपैकी एकाला आठवड्यातून काही तास ओपीडीतून मोकळे करता येतील का. यांपैकी शेवटची गोष्ट मिळणार नसेल तर काहीही सुरू करू नये, असे मी स्पष्टच सांगेन. रुग्ण तपासता तपासता फावल्या वेळात भरलेल्या नोंदी दुसऱ्या महिन्यापासून अर्धवट राहू लागतात, आणि अर्धवट नोंदींवरून काढलेले निष्कर्ष काहीच न काढण्यापेक्षा जास्त दिशाभूल करतात.

सुरुवात गळतीपासून करावी. ज्यांना व्यवसायोपचारासाठी पाठवले गेले त्यांतील किती जण पहिल्यांदा आले, किती जण ठरल्याप्रमाणे पुढे येत राहिले आणि बाकीचे कोणत्या टप्प्यावर थांबले, हे बहुतेक विभागांना माहीतच नसते. त्यासाठी वेगळे प्रपत्र लागत नाही. रजिस्टरमध्ये पक्षाघाताची तारीख, आपल्याकडे पाठवल्याची तारीख, पहिल्या भेटीची तारीख आणि शेवटच्या भेटीची तारीख असे चार रकाने, शिवाय गाव आणि सोबत कोण येते हे दोन, एवढे पुरते. आमच्या विभागात ही नोंद नीट ठेवू लागल्यावर सर्वाधिक गळती दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीच्या दरम्यान दिसली. केसपेपरवर अशा रुग्णांपुढे ‘अनियमित’ असा शेरा असे आणि विषय तिथेच संपत असे. घरी फोन केल्यावर जी कारणे समोर आली त्यांत आळस क्वचितच होता. सोबत येणाऱ्या मुलाचा रोज बुडत होता. परतीची एसटी दुपारी होती आणि औषधांची रांग, फिजिओथेरपी, मग व्यवसायोपचार हे सगळे तिच्या आधी संपत नव्हते. काही घरांत तर पहिल्या भेटीत कागदावर लिहून दिलेला होम प्रोग्राम (घरी करायचा सराव) म्हणजेच संपूर्ण उपचार, अशी समजूत झाली होती आणि त्यामुळे पुन्हा येण्याचे कारणच कोणाला वाटत नव्हते.

आता यातून संशोधन कसे होते ते पाहा. दर आठवड्याला ठरलेल्या भेटी किती आणि प्रत्यक्ष झालेल्या किती, याचे प्रमाण दहा-बारा आठवडे काहीही न बदलता नोंदवा आणि त्याचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढून आलेखावर आडवी रेघ ओढा. मग एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ लांबच्या गावच्या रुग्णांना सकाळची पहिली वेळ द्या, आणि मोजणे तसेच चालू ठेवा. बदलानंतर सलग ६ किंवा अधिक बिंदू त्या रेघेच्या एकाच बाजूला पडले तर तो केवळ योगायोग नाही, असे मानण्याची सेवासुधारणेच्या अभ्यासांतील प्रस्थापित रीत आहे. बदल एका वेळी एकच करावा, हे मात्र पाळावे लागते. उत्साहाच्या भरात वेळ बदलली, फोनवर आठवण देणे सुरू केले आणि प्रवासखर्चाची मदतही देऊ केली, तर आलेख वर जाईल, पण त्यातले कशामुळे वर गेला हे कळणार नाही, आणि विश्वस्तांनी पैसे नेमके कशावर खर्च करावेत हे तुम्हाला सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल की रुग्ण आले म्हणजे बरे झाले असे नाही. आक्षेप रास्त आहे आणि त्यासाठी पहिल्या प्रश्नाकडे यावे लागते. पण तिथेही ‘व्यवसायोपचार उपयोगी आहे का’ असे विचारू नये. तो प्रश्न इतका ढोबळ आहे की त्याला होकार आणि नकार दोन्ही पुराव्यानिशी देता येतात. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमधील ३६१ वृद्धांवरील चाचणीत व्यवसायोपचारतज्ज्ञांनी चालवलेल्या कार्यक्रमाचा फायदा दिसला आणि नुसत्या करमणुकीच्या सामूहिक उपक्रमांचा दिसला नाही. दुसरीकडे ब्रिटनमधील २२८ केअर होममध्ये राहणाऱ्या, पक्षाघात होऊन गेलेल्या १,०४२ जणांवरील चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, व्यवसायोपचाराने दैनंदिन कामांतील स्वावलंबनात फरक पडलेला दिसला नाही. पहिल्यातील वृद्ध आपापल्या घरी स्वतंत्र राहणारे होते, तर दुसऱ्यातील बरेचसे आधीच अतिशय परावलंबी होते. व्यवसाय तोच असला तरी माणसे, हेतू आणि उपचाराची मात्रा वेगळी होती. कोणाला, नेमके काय, किती, आणि कोणत्या कामासाठी, एवढे ठरले तरच प्रश्न उत्तर देण्याजोगा होतो.

आपल्याकडच्या सेवेसाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी मी ‘अटेंड’ या नावाने झालेली मानते. भारतातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर ती झाली आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटातील नातेवाइकांना घरी पुनर्वसन कसे करावे याचे प्रशिक्षण दिले होते आणि दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळत होती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, म्हणजे ४७ टक्के निघाले. तज्ज्ञ कमी आहेत, म्हणून काम कुटुंबाकडे सोपवावे, ही कल्पना आपल्याकडे सर्वांनाच सोयीची वाटते, आणि म्हणून हा निकाल गैरसोयीचा आहे. घरच्या सरावाचा काहीच उपयोग नाही असा त्याचा अर्थ मी घेत नाही. परावलंबनाची जी मोजपट्टी तिथे वापरली होती ती बरीच ढोबळ आहे आणि हाताच्या वापरातील लहान बदल तिच्यात उमटत नाहीत. मात्र नातेवाइकांना शिकवून घरी पाठवले की आपले काम झाले, या भरवशावर सेवेची आखणी करता येत नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी हाच उपाय सुचवला तर ही चाचणी त्यांच्यापुढे ठेवावी.

परदेशात सिद्ध झालेला उपचार आपल्या विभागात आणतानाही असेच प्रश्न पडतात आणि त्यांवर लहान विभागालाच उत्तम काम करता येते. चांगल्या हाताला बंधन घालून दुखऱ्या, म्हणजे पक्षाघाताने कमजोर झालेल्या, हाताकडून सराव करून घेण्याची पद्धत घ्या. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील २२२ रुग्णांच्या ‘एक्साइट’ चाचणीत तिचा फायदा स्पष्ट दिसला. ते रुग्ण पक्षाघातानंतर ३ ते ९ महिन्यांतले होते, त्यांना मनगट आणि बोटे निदान थोडी तरी उचलता येत होती, दोन आठवडे कामाच्या दिवशी रोज सहा तासांपर्यंत सराव होता आणि जागेपणीच्या ९० टक्के वेळ चांगल्या हातात जाड हातमोजा घालून ठेवायचा होता. आता तुमच्या ओपीडीतील उजवा हात दुखरा असलेला गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. त्याच्या डाव्या हाताला मोजा घातला तर शौचानंतरच्या स्वच्छतेचे काय, हा प्रश्न तो तुम्हाला विचारणार नाही. घरी जाऊन मोजा काढून ठेवील. ज्याचा डावा हात दुखरा आहे त्याचा प्रश्न उलटा. उजवा बांधून डाव्याने जेवायला तो तयार होणार नाही, आणि त्याच्या घरचेही होणार नाहीत. म्हणजे जेवण, शौच आणि देवपूजा या वेळा सोडाव्या लागतात, आणि मग बंधनाचे प्रत्यक्ष तास किती उरतात, तेवढ्याने फरक पडतो का, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी मुळात किती जण या उपचाराला पात्र ठरतात, हे तीन प्रश्न उभे राहतात. तिन्हींचीही उत्तरे सहा महिन्यांच्या काटेकोर नोंदींतून मिळू शकतात आणि इतर विभागांना ती नक्कीच हवी असतील.

परिणाम तपासायचाच असेल तर कमी रुग्णांसाठी उत्तम रचना ‘मल्टिपल बेसलाइन’ नावाची आहे. तिच्यासाठी पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेले आणि अवस्था बऱ्यापैकी स्थिरावलेले तीन किंवा चार रुग्ण निवडा. प्रत्येकासाठी एकच काम ठरवा आणि ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पद्धतीने मोजत राहा. पहिल्याचा उपचार पाच मोजण्यांनंतर सुरू करा, दुसऱ्याचा सातनंतर, तिसऱ्याचा नऊनंतर. कोण पहिला आणि कोण तिसरा हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. तिघांचेही आलेख उपचार सुरू होईपर्यंत सपाट राहिले आणि प्रत्येकाचा आलेख त्याच्या स्वतःच्या सुरुवातीनंतरच वर गेला, तर ती सुधारणा केवळ काळामुळे झाली असे म्हणणे कठीण होते, कारण काळ तिघांनाही सारखाच मिळालेला असतो. याउलट दुसऱ्याचा आलेख उपचाराआधीच चढू लागला तर तेही प्रामाणिकपणे दिसते. तीन रुग्णांचा असा अभ्यास मला पन्नास जणांच्या ‘आधी-नंतर’ अभ्यासापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

मोजायचे काय, यात खरी कसोटी आहे. बार्थेल इंडेक्स १९६५ चा आहे, त्याचे दहा भाग आणि एकूण गुण १००. रुग्णालयातून घरी सोडताना काळजीची गरज किती हे पाहायला तो आजही चांगला आहे. पण त्यातील जेवणाच्या भागात मदतीची जी उदाहरणे दिली आहेत ती अन्न कापण्याची आणि लोणी पसरण्याची आहेत. भात कालवणे, भाकरीचा तुकडा एका हाताने मोडणे, पाटावर किंवा चटईवर मांडी घालून बसणे आणि आधाराविना उठणे, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसणे, परकराची नाडी बांधणे, यांतले काहीच त्याच्या गुणांत नीट उतरत नाही. आपल्या व्यवसायाचे देशातील शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले, म्हणजे पाऊणशे वर्षे होऊन गेली. तरीही आपल्या रोजच्या मोजपट्ट्यांत आपले जेवण नाही, याचे मला नवल वाटते.

म्हणून मी दोन मोजमापे जोडीने वापरते. एक प्रत्यक्ष कृतीचे. उजवा हात दुखरा असलेल्या रुग्णापुढे ठरावीक वाटीभर भात-आमटीचे ताट ठेवायचे, मोबाइल एकाच उंचीवर आणि एकाच कोनात टेकवायचा, पाच मिनिटे चित्रीकरण करायचे आणि दुखऱ्या हाताने तोंडापर्यंत पोचलेले घास मोजायचे. मोजणारी व्यक्ती मात्र तुम्ही नसावी. सगळ्या फितींना क्रमांक देऊन त्या उलटसुलट क्रमाने सहकाऱ्याकडे द्याव्यात, म्हणजे कोणती उपचारापूर्वीची आणि कोणती नंतरची हे त्यांना कळणार नाही. काही फिती दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे जुळतात का तेही पाहावे. एवढ्या साध्या काळजीने अभ्यासाचे वजन पुष्कळ वाढते आणि त्याला खर्च काहीही नाही. डावा हात दुखरा असलेल्यांसाठी अर्थातच काम दुसरे निवडावे लागते. नाडीची गाठ किंवा परातीत पीठ मळणे ही दोन्ही हातांची कामे चांगली ठरतात.

दुसरे मोजमाप रुग्णाच्या स्वतःच्या मताचे. त्यासाठी ‘कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर’ म्हणजे सीओपीएम वापरता येते. रुग्णाने निवडलेल्या कामांना जमण्याबद्दल आणि समाधानाबद्दल १ ते १० गुण तो स्वतःच देतो, आणि सर्वसाधारणपणे २ गुणांचा फरक महत्त्वाचा मानला जातो. ते साधन विकत घ्यावे लागते, त्याच्या छायाप्रती वाटू नयेत. आपल्याकडे अडचण येते ती पहिल्याच प्रश्नावर. ‘कोणते काम जमायला हवे आहे?’ असे विचारले की ‘सगळं पहिल्यासारखं होऊ दे’ असे उत्तर येते. त्याऐवजी कालचा दिवस सकाळपासून विचारत जावे: उठवले कोणी, तोंड कुठे धुतले, चहा कोणी हातात दिला, आंघोळीला बसायला काय होते, दुपारी कोण घरात होते. मग हळूहळू नेमक्या गोष्टी बाहेर येतात. बऱ्याचदा सून सांगते की त्यांचे त्यांना संडासला जाता यावे, आणि सासूबाई सांगतात की नातीला वेणी-फणी करून शाळेच्या रिक्षात बसवायचे आहे. आणि दोघीही खऱ्या असतात. अभ्यासात रुग्णाचे उत्तर आणि काळजी घेणाऱ्याचे उत्तर वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावे, एकमेकांत मिसळू नये. शाळेत न गेलेल्या वयस्क रुग्णांना दहापैकी गुण देणे अवघड जाते. मी टेबलावर रुपयाची दहा नाणी मांडते आणि जेवढे जमते तेवढी माझ्याकडे सरकवायला सांगते. तरीही एखादे आजोबा ‘बारा आणे ठीक आहे’ असेच सांगतात, आणि खरे सांगायचे तर ते उत्तर दहाच्या मापात बसवण्याइतकेच नेमके असते. मूळ पद्धतीत असा बदल केला तर तो निबंधात लिहिलाच पाहिजे.

येथवर जे सांगितले त्याचा क्रम असा लागतो: आधी गळतीची नोंद, त्यावरून सेवेत एक बदल, आणि समांतर तीन-चार स्थिर रुग्णांवर एका नेमक्या उपचाराचा अभ्यास. या तिन्हींना लागणारी एक गोष्ट मात्र बहुतेक विभागांत नसते, ती म्हणजे उपचाराचे वर्णन. केसपेपरवर ‘एडीएल ट्रेनिंग, हँड फंक्शन’ (रोजच्या कामांचा सराव, हाताचा वापर) एवढेच लिहिले असेल तर वर्षाच्या शेवटी तुम्ही नेमके काय दिले हे तुम्हालाच सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला ते करून पाहता येणार नाही. उपचाराचे वर्णन कसे लिहावे यासाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टायडियर’ नावाची बारा मुद्द्यांची तपासयादी आहे. ती एकदा डोळ्यांखालून घाला. केसपेपरवर मी निदान एवढे लिहीत जाईन: ‘खाली बसून परातीत कणीक मळणे, दोन्ही हातांनी, १५ मिनिटे, मध्ये दोनदा विश्रांती, डावे मनगट माझ्या हाताच्या आधाराने, पुढच्या वेळी आधार कमी करणे, घरी रोज संध्याकाळी सूनबाईंच्या देखरेखीखाली.’ असे लिहायला दोन मिनिटे जास्त लागतात, पण त्यातूनच मात्रेचा हिशेब निघतो. अनेकदा ‘उपचाराचा गुण आला नाही’ असे ज्याला आपण म्हणतो तिथे उपचार पुरेसा झालेलाच नसतो, आणि हे फक्त अशा नोंदींवरून उघडकीला येते.

मुलांच्या ओपीडीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तिथे दिशा पुष्कळ स्पष्ट आहे. सेरेब्रल पाल्सीवरील (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणाऱ्या अवस्थेवरील) उपचारांचा जो व्यापक आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुलाने स्वतः, ठरवलेल्या कामाचा सराव करण्यावर आधारलेल्या पद्धती, दोन्ही हातांचे प्रशिक्षण आणि नीट आखलेले होम प्रोग्राम यांच्या बाजूने चांगला पुरावा दिसला. मूल निष्क्रिय असताना तज्ज्ञाने हाताळण्याच्या पद्धतींच्या बाजूने तो दिसला नाही. तुमच्या विभागात एका भेटीतील किती मिनिटे मूल स्वतः काही करत असते आणि किती मिनिटे त्याला केले जात असते, हे घड्याळ लावून मोजले तरी तो एक उपयुक्त अभ्यास होईल. उद्दिष्टे गोल अटेनमेंट स्केलिंगने, म्हणजे उणे २ ते अधिक २ या पायऱ्यांवर मोजणार असाल, तर पाचही पायऱ्या उपचार सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवाव्यात आणि शेवटचे मूल्यमापन दुसऱ्याकडून करून घ्यावे. नंतर लिहिलेल्या पायऱ्या नेहमीच सोप्या निघतात.

परवानगीबाबत ढिलाई नको. केवळ आपल्या विभागाची हजेरी सुधारण्यासाठी ठेवलेली नोंद हे अंतर्गत कामकाज म्हणता येईल, पण ते पुढे प्रसिद्ध करण्याचा विचार असेल किंवा रुग्णांना वेगवेगळ्या वेळी उपचार सुरू करण्यासारखी रचना असेल, तर काम सुरू करण्यापूर्वीच एथिक्स कमिटीकडे जावे. स्वतःची कमिटी नसलेल्या संस्थेला दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी रीतसर करार करून तिच्याकडे प्रस्ताव पाठवण्याची मुभा आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. उपचाराची चाचणी असेल तर तिची नोंदणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते, १ एप्रिल २०१८ पासून तिथे उशिरा केलेली नोंदणी स्वीकारली जात नाही. चित्रीकरणासाठी वेगळी लेखी संमती घ्यावी आणि चेहरा चौकटीबाहेर ठेवता आला तर ठेवावा. आणि बेसलाइनसाठी, म्हणजे उपचाराआधीच्या मोजण्यांसाठी, उपचार थांबवून ठेवण्याचा प्रकार फक्त स्थिर, जुन्या रुग्णांतच करावा. नुकताच पक्षाघात झालेल्या माणसाला आलेख सपाट दिसावा म्हणून दोन आठवडे वाट पाहायला लावणे मला अजिबात मान्य नाही.

विश्वस्तांच्या आर्थिक प्रश्नाला उत्तर देताना इंटरनेटवर सहज सापडणारा एक अमेरिकी अभ्यास तुमच्या हाती येईल. त्यात रुग्णालयांच्या खर्चाचे वेगवेगळे प्रकार तपासले होते आणि हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणे व न्यूमोनिया या तिन्हींत पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी असण्याशी फक्त व्यवसायोपचारावरील जादा खर्चाचा संबंध आढळला. आपल्या व्यवसायात तो अभिमानाने सांगितला जातो. तरीही तो तुमच्या सादरीकरणात पुरावा म्हणून वापरू नका. तो रुग्णालयांच्या पातळीवरील सहसंबंध आहे, तिथली विमाव्यवस्था वेगळी आहे, आणि एखाद्या जाणकार विश्वस्ताने पहिलाच प्रश्न विचारला की तुमची बाजू लंगडी पडेल. त्याऐवजी आपल्याच रजिस्टरमधून सांगा: शंभर रुग्ण पाठवले गेले तर किती पोचतात, किती टिकतात, एका पूर्ण उपचाराला तुमचे किती तास लागतात, वेळ बदलल्यावर हजेरी किती वाढली, आणि तिसरा तज्ज्ञ आला तर सध्या परत पाठवावे लागणारे किती जण सामावले जातील. पदाची मागणी या आकड्यांवर टिकते.

निष्कर्ष लिहिताना मध्येच थांबलेल्यांची संख्या आणि कारणे पहिल्याच कोष्टकात द्या, आणि फरक दिसला नाही तरी निबंध पाठवा. इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीसाठी किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेच्या वार्षिक परिषदेसाठी गळतीवरचा प्रामाणिक अभ्यास कमी दर्जाचा ठरतो असे मुळीच नाही. बार्थेल भरणे बंद करा असेही मी म्हणत नाही. घरी सोडतानाची नोंद म्हणून तो ठेवा, फक्त त्याच्यावर एकट्यावर निष्कर्षाचा भार टाकू नका.

तुमचे रुग्ण पक्षाघातानंतर साधारण कितव्या आठवड्यात पहिल्यांदा येतात आणि त्यांतील किती जणांना दुखऱ्या हाताचे मनगट थोडे तरी उचलता येते, एवढे जुन्या केसपेपरांवरून पाहून कळवलेत, तर बंधनाच्या उपचाराचा अभ्यास तुमच्याकडे जमण्यासारखा आहे की पीठ मळण्यासारखे दोन्ही हातांचे काम घेऊन सुरुवात करणे बरे, याबद्दल नेमके सांगता येईल.